सम्राट चषक बंद करा म्हणे! (आणि मग टॉवेल)

कोपऱ्यातला झेंडा

परवा जे-लीगच्या (जपानची व्यावसायिक फुटबॉल साखळी) धाग्यावर 'गुणतक्ता' यांनी जाता जाता पिंक टाकली: "सम्राट चषक ही शोभेची स्पर्धा आहे. मोठे क्लब राखीव पोरं उतरवतात, जे-२ मध्ये १८वा आलेला कोफू जिंकतो आणि आशियात जातो. बंद करा आणि ती जागा साखळीला द्या." तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय वाहून गेला असता, म्हणून वेगळी चूल. (नवख्यांसाठी: सम्राट चषक म्हणजे हौशी ते व्यावसायिक सगळ्यांना खुली जपानची बाद फेरीची स्पर्धा, विजेत्याला आशियाई क्लब स्पर्धेत जागा. जे-१, जे-२, जे-३ या साखळीच्या वरून खाली तीन श्रेण्या.)

कोफू २०२२ मध्ये २२ संघांत १८वा होता, मान्य. त्याच वर्षी त्यांनी चषकात साप्पोरो, तोसू, फुकुओका, काशिमा आणि हिरोशिमा असे पाच जे-१ क्लब घरी पाठवले. लॉटरी एकदा लागते हो, ओळीने पाचदा नाही.

अंतिम सामन्यातला त्यांचा गोल परत बघा. कॉर्नर मिळाला तरी हिरोशिमाच्या उंच बचावाच्या गर्दीत चेंडू टाकायचाच नाही. छोटा कॉर्नर घेतला, दोन माणसं बाहेर खेचली, अराकी गोलरेषेपर्यंत शिरला, चेंडू मागे दिला आणि मित्सुहिराने जवळच्या खांबापाशी नुसता वळवला. २६वं मिनिट. ८४व्या मिनिटाला कावामुराने बरोबरी केली. जादा वेळेच्या उत्तरार्धात यामामोतो आला, वय ४२, २००३ पासून कोफूतच. थोड्याच वेळात त्याच्याच हाताला चेंडू लागला आणि पेनल्टी. ती गोलकीपर कावाताने अडवली. शूटआउटमध्ये बरोबरी करणाऱ्या कावामुराचाच फटका पुन्हा कावाताने अडवला, आणि शेवटची पेनल्टी घ्यायला आला तोच यामामोतो. ५-४. हे शोभेचं असेल तर साखळीतले निम्मे सामने रद्दीत घाला.

दुसरं, रचना. ४७ प्रांतांचे ४७ विजेते आणि हौशी संघांतला एक मानांकित, असे ४८ पहिल्या फेरीत असायचे. त्यातले २४ उरायचे. दुसऱ्या फेरीत जे-१ आणि जे-२ चे ४० क्लब येऊन मिळायचे, ६४ व्हायचे. तिथून सरळ बाद फेरी. जे-३ च्या क्लबनासुद्धा आधी आपला प्रांत जिंकावा लागायचा. २०१७ मध्ये त्सुकुबा विद्यापीठाने याच स्पर्धेत सेंदाईला ३-२ हरवलं, त्यात दोन गोल मितोमाचे (आज जपानचा नावाजलेला विंगर). तेव्हा युरोपात त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. कॉलेजची पोरं आणि जे-१ चा क्लब एका मैदानात आणणारी दुसरी कुठली स्पर्धा आहे जपानात?

गुणतक्ता

'पिंक' बद्दल आभार. पूर्ण वाक्य दिलंत तेवढा प्रामाणिकपणा पुरे आहे.

कोफू ओळीने जिंकला म्हणून रचना बरोबर ठरत नाही. २०२२ चा हिरोशिमा घ्या. साखळीत तिसरा. सम्राट चषकात उपविजेता. हरल्यावर सहाच दिवसांनी लेवेन चषकाच्या (जे-लीगच्या क्लबांचा स्वतःचा चषक) अंतिम सामन्यात सेरेझोविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत ०-१ मागे, आणि भरपाई वेळेत सोतिरियूचे दोन गोल, २-१. म्हणजे तीनही ठिकाणी पहिल्या तिघांत. २०२३-२४ ला आशियात कोण? कोफू. हिरोशिमा घरी. लेवेन जिंकून आशियाचं तिकीट मिळत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि कोफूला स्वतःला काय मिळालं? जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला क्लबने पुढच्या मोसमात ठेवलं नाही. आशियाई सामने घरच्या मैदानात घेता आले नाहीत कारण ते एएफसीच्या (आशियाई फुटबॉल संघटना) निकषांत बसत नव्हतं. तोक्योच्या राष्ट्रीय मैदानात 'घरचे' सामने खेळले. यजमान पाहुण्यासारखा!

कोपऱ्यातला झेंडा

हो, आणि त्या 'पाहुण्या' मैदानात बाकीच्या क्लबांचे चाहते आपापल्या जर्सी घालून कोफूला ओरडायला आले. मेलबर्न सिटी, बुरिराम आणि झेजियांगच्या गटात कोफू ११ गुणांनी पहिला आला. जे-२ चा क्लब. मग उल्सानने काढलं, ठीक आहे. ज्या क्लबने कधीकाळी दिवाळं टाळायला स्ट्रेचरवरसुद्धा जाहिरात विकली, त्याला आणखी काय करून दाखवायला हवं होतं?

हिरोशिमाचं दुःख खरं आहे. पण एक जागा उरावाला आशियाचा गतविजेता म्हणून गेली होती, ते सोयीस्कर विसरलात. शिवाय जादा वेळेतली पेनल्टी मित्सुताने घालवली. ती आत गेली असती तर हा धागाच निघाला नसता.

तिसरा पंच

तुम्ही दोघं आशियाच्या जागेवर भांडताय. या स्पर्धेचा जीव घेतला तो तारखेने. १९६९ पासून १ जानेवारी म्हणजे अंतिम सामना. जपानात नव्या वर्षाला देवळात जायचं आणि दुपारी टीव्हीवर हा सामना. आता बघा: २०२१ चा १९ डिसेंबरला, २०२२ चा १६ ऑक्टोबरला, २०२३ चा ९ डिसेंबरला, २०२४ चा २३ नोव्हेंबरला. दिवाळी कधी आषाढात, कधी फाल्गुनात!

बालेवाडी

@तिसरा पंच, खेळाडूंच्या बाजूने बघा जरा. साखळी डिसेंबरच्या सुरुवातीला संपायची. जे दोन संघ १ जानेवारीपर्यंत टिकायचे त्यांना विश्रांती दोन आठवडे, कारण जानेवारीच्या मध्यात सराव सुरू. बाकीच्यांना सहा आठवडे. ज्याचा करार क्लबने वाढवलेला नाही तो खेळाडू तोवर त्याच जर्सीत धावतोय, आणि नवा क्लब शोधायचे दिवस निघून जातायत. जिंकण्याची शिक्षा होती ती. खेळाडू संघटना उगाच ओरडत नव्हती.

तिसरा पंच

त्या 'शिक्षे'नेच योकोहामा फ्लूगेल्स या क्लबची गोष्ट घडली. २९ ऑक्टोबर १९९८ ला बातमी आली की दोन पुरस्कर्त्यांपैकी एकाने हात वर केले आणि क्लब शेजारच्या योकोहामा मारिनोसमध्ये विलीन. त्यानंतर फ्लूगेल्स हरलेच नाहीत. १ जानेवारी १९९९, राष्ट्रीय मैदान. सावानोबोरीने शिमिझुला पुढे नेलं, कुबोयामाने मध्यंतराआधी बरोबरी केली, ७३व्या मिनिटाला योशिदाने २-१. चषक हातात आणि क्लब संपला. चाहत्यांनी मग योकोहामा एफसी काढला. हे ९ डिसेंबरला घडवून बघा, कुणाला लक्षात राहतं ते.

(तोच योशिदा ताकायुकी पुढे विस्सेल कोबेचा प्रशिक्षक झाला. २०२४ चा हाच चषक गाम्बाला १-० हरवून त्याने जिंकला. २३ नोव्हेंबरला. असो.)

गुणतक्ता

गोष्ट सुंदर आहे. पण २५ वर्षांपूर्वीच्या रडण्यावर आजचं वेळापत्रक बसवायचं का? आणि तुमच्या या पवित्र स्पर्धेचा २०२५ चा विजेता कोण? माचिदा झेल्विया. थ्रोआधी चेंडू पुसत बसणारी टॉवेल एफसी.

टेकडीवरचा

आलं! याचीच वाट बघत होतो. माचिदाने अंतिम सामन्यात कोबेला ३-१ हरवलं. फुजिओ दोन, सोमा एक. टॉवेलने किती केले ते सांगा.

मधली फळी

अवांतर आहे, पण राहवत नाही. माचिदाचा लाँग थ्रो (बाजूच्या रेषेवरून हाताने थेट गोलसमोर फेकलेला चेंडू) म्हणजे फुटबॉलची विटंबना आहे. बाजूच्या जाहिरात फलकांना टेकवून टॉवेल ठेवायचे, चेंडू बाहेर गेला की थ्रो टाकणारा चालत चालत येणार, चेंडू कुरवाळत पुसणार, पाच पावलं मागे जाणार. अर्धा मिनिट सहज. सामन्यात असे १० थ्रो धरले तर पाच मिनिटं टॉवेलने खाल्ली.

टेकडीवरचा

कुरवाळत नाही पुसत, कोरडा करायला पुसतात. लाँग थ्रो ज्यांनी कधी टाकून पाहिलेला नाही त्यांनी ऐका. ताकद खांद्यातून कमी आणि पाठीच्या कमानीतून जास्त येते. चेंडू डोक्यामागून सुटेपर्यंत दोन्ही तळवे बाजूंना घट्ट बसलेले हवेत. ओल्या चेंडूवर एक तळवा आधी घसरतो, चेंडू फिरतो आणि गोलसमोरच्या सहा यार्डांच्या चौकटीऐवजी साइड नेटमागे जातो. जपानात जूनचा पाऊस, जुलै-ऑगस्टचा घाम. टॉवेल नसेल तर हे हत्यारच बोथट.

नियम काय म्हणतो? दोन्ही पायांचा काही भाग जमिनीवर, रेषेवर किंवा बाहेर. दोन्ही हात, डोक्यामागून आणि डोक्यावरून. प्रतिस्पर्धी दोन मीटर दूर. टॉवेलवर चकार शब्द नाही.

मधली फळी

नियमात नाही म्हणून करायचं? मग हेही घ्या. तुमचा फुजिओ पेनल्टीआधी चेंडूवर बाटलीतलं पाणी ओततो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इवाताविरुद्ध पंचांनी शेवटी चेंडूच बदलला. म्हणजे थ्रोला चेंडू कोरडा हवा आणि पेनल्टीला ओला. लाँड्री आहे की क्लब?

म्हापशाचा मिडफिल्डर

चेंडू ओला करण्याचा मान जपानात आधी ब्राझीलच्या झिकोकडे जातो, विसरू नका 😀 जानेवारी १९९४, पहिल्या मोसमाची विजेतेपदाची लढत, काशिमा विरुद्ध वेर्दी. वेर्दीला पेनल्टी मिळाली, काझू चेंडू ठेवून उभा, आणि झिको येऊन चेंडूवर थुंकला. दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. त्याच माणसाने मे १९९३ मध्ये काशिमाच्या पहिल्याच साखळी सामन्यात नागोयाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. आमच्या गोव्यात एफसी गोवाला तीन मोसम शिकवायला आला तेव्हा फातोर्ड्याला लोक देवासारखे बघत होते. आज काशिमात त्याचा पुतळा आहे. फुजिओचा पण होईल की!

मधली फळी

झिको झिको आहे. तुलना पुरे.

टेकडीवरचा

मग पाणी कुणी ओतलं तेही सांगून टाकू. २८ सप्टेंबर २०२४, हिरोशिमाचं नवं मैदान. माचिदाने ठेवलेल्या टॉवेलवर हिरोशिमाच्या खेळाडूंनी पाणी ओतलं, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. तेव्हा विटंबना कुठे गेली होती?

बालेवाडी

पाणी ओतणं पोरकटपणा होता, वाद नाही. पण लाँग थ्रो अडवता येत नाही असा जो बाऊ चाललाय तो चूक आहे. बहुतेक जे-१ संघ तो चुकीचाच अडवत होते. पायाने मारलेला क्रॉस वेगात येतो, त्याला नुसतं कपाळ लावलं तरी चेंडू २५ मीटर जातो. थ्रो हळू आणि उतरता येतो. त्यात स्वतःचा वेग नाही, सगळा जोर मानेने द्यावा लागतो, त्यामुळे चांगला हेडरसुद्धा डीच्या तोंडाशी पडतो. तिथे माचिदाची दोन माणसं दुसऱ्या चेंडूसाठी आधीच उभी. त्यात थ्रोवर ऑफसाइड नाही, म्हणून एक जण थेट गोलकीपरच्या छातीला चिकटून. गोलकीपर बाहेर येऊ शकत नाही, बचाव रेषा पुढे नेता येत नाही.

उपाय तीन. जवळच्या खांबापुढे सगळ्यात उंच माणूस, फ्लिक व्हायच्या आधी अडवायला. डीच्या तोंडाशी दोन माणसं सक्तीने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन वेगवान खेळाडू मध्यरेषेवर सोडायचे, म्हणजे माचिदाला तीन मागे ठेवावे लागतात. सगळे ११ खाली आले की तुम्ही स्वतःच गर्दी करता, आणि गर्दी हेच तर त्यांना हवं असतं. तिसरा उपाय करायची छाती मात्र फार कमी प्रशिक्षकांना होती.

गुणतक्ता

हे पटलं. लिहून ठेवा, वर्षातून एकदा होतं.

पण मुद्दा राहतोच. माचिदाचे कुरोदा हे आओमोरी यामादा शाळेतून आलेले प्रशिक्षक. शालेय स्पर्धेत एका सामन्याने सगळं ठरतं, तिथे हे हत्यार चालतं. तेच त्यांनी व्यावसायिक क्लबमध्ये आणलं. म्हणूनच बाद फेरीचा चषक त्यांना जमला. चषकात नशीब आणि सेट पीस (थ्रो, कॉर्नर, फ्री किक) जिंकतात, साखळीत संघ जिंकतो.

कोपऱ्यातला झेंडा

२०२४ ची साखळी बघितलीत का? कोबे ७२, हिरोशिमा ६८, माचिदा ६६. जे-१ मधलं पहिलंच वर्ष आणि सगळ्यात कमी गोल खाल्ले. ३८ सामने नशीब पुरतं का?

आणि त्याच वर्षी बाद फेरीच्या याच 'सोप्या' चषकात माचिदाला दुसऱ्या फेरीत कुणी काढलं? त्सुकुबा विद्यापीठाने. भरपाई वेळेत बरोबरी, मग पेनल्टी. सामन्यानंतर कुरोदा पोरांच्या टॅकलवर आणि शिष्टाचारावर बोलले ते वेगळं. तुमचा सिद्धांत विद्यार्थ्यांनी तेव्हाच खोडून ठेवलाय.

मधली फळी

शिष्टाचारावर कुरोदा बोलले! इथे चहा सांडला.

कूपरेज१८९१

टॉवेल बाजूला ठेवा. स्पर्धा 'बंद करा' म्हणणं फार सोपं असतं. १८९१ ला सुरू झालेला आपला मुंबईचा रोव्हर्स चषक २००१ नंतर थांबला तो थांबलाच. तोही 'वेळापत्रकात बसत नाही' म्हणूनच मागे पडत गेला होता. जपानने १९२१ पासून ही स्पर्धा टिकवली. इंग्लंडने दिलेला मूळचा चांदीचा चषक युद्धात धातूसाठी सरकारजमा झाला, तरी स्पर्धा युद्धानंतर परत उभी राहिली. २०११ मध्ये इंग्लंडच्या संघटनेने त्याची प्रतिकृती नव्याने बनवून दिली.

गुणतक्ता

ठीक. 'बंद करा' मागे घेतो. 'दुरुस्त करा' म्हणतो. खूश? जागा लेवेनला द्या. २०२४ ला तिथे साठही क्लब बाद फेरीत आले आणि पहिल्या फेरीत खालच्या श्रेणीच्या क्लबच्या मैदानात सामना झाला. छोट्या क्लबला मोठा क्लब घरी बघायला मिळतो, गल्ला मिळतो. नागोया-निगाता अंतिम सामना ३-३, ६२ हजारांवर लोक. बक्षीसही तितकंच, १५ कोटी येन. आणि तिथे टॉवेलवाले जिंकत नाहीत.

टेकडीवरचा

१ नोव्हेंबर २०२५, लेवेनचा अंतिम सामना, हिरोशिमा ३, काशिवा १. पहिला गोल अराकी हायातो, नाकानोच्या लाँग थ्रोवर. तिसरा जर्मेन, पुन्हा नाकानोच्या लाँग थ्रोवर. मधला तेवढा फ्री किक. वर्षभरापूर्वी ज्यांनी पाणी ओतलं त्याच क्लबने.

मधली फळी

...नाकानो पळत येऊन टाकतो. पुसत बसत नाही.

टेकडीवरचा

त्या सामन्याचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. २५व्या मिनिटापासून लावतो, हातात काय आहे ते तुम्हीच बघा.

कोपऱ्यातला झेंडा

टॉवेलसाठी नवा धागा काढा रे कुणीतरी. हा सम्राट चषकाचा होता.