मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन सीक्वेस्ट स्टेट पार्कला कॅम्पिंग (माउंट सेंट हेलेन्स, वॉशिंग्टन)

सह्यकन्या

नमस्कार मंडळी,

आम्ही सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला राहतो. आईबाबा वाईहून आले आहेत, सप्टेंबरअखेर परत जातील. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. ज्वालामुखीचा धडा आला की 1980 च्या सेंट हेलेन्सचं उदाहरण ठरलेलं असायचं. फळ्यावर ते डोंगराची दोन चित्रं काढायचे, उद्रेकाआधीचं टोकदार आणि नंतरचं माथा उडालेलं. इथे आल्यापासून त्यांनी तोंडाने मागितलेली गोष्ट एकच, तो डोंगर बघायचा. त्यामुळे ही सहल नीट व्हावी असं मनापासून वाटतंय.

एका दिवसात जाऊन येता येतं, पण सहा-सात तास गाडीत बसणं आईला झेपणार नाही. म्हणून ऑगस्टच्या शेवटी सीक्वेस्ट स्टेट पार्कला दोन रात्री राहायचा विचार आहे. आय-5 महामार्गावरून कॅसल रॉकला उतरून 504 नंबरच्या रस्त्याने पाचेक मैल. तंबूची एक जागा मिळाली आहे. यर्ट (पार्कातली कायम उभी गोल तंबूघरं) मात्र सगळे भरलेले दिसतात.

अडचणी अशा: आईचे गुडघे दुखतात आणि तिला दमा आहे. रात्री उठून लांब चालावं लागेल का? आजूबाजूला लोक शेकोट्या पेटवतात, त्या धुराचं काय करायचं? शिवाय ती अस्वलांना घाबरते आणि ‘तो डोंगर पुन्हा फुटला तर?’ हे रोज एकदा विचारते. बाबांच्या बाजूने प्रश्न वेगळा. जॉन्स्टन रिज या डोंगरासमोरच्या कड्याचा रस्ता बंद आहे असं वाचलं. मग डोंगर नीट दिसणार कुठून? कॅम्पवरून दिसतो का? मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला एप केव्हची गुहा बघायची आहे. तीही याच फेरीत बसवता येईल का?

ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पायपीट

ताई, जागा चांगली निवडली आहे, पण एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. कॅम्पवरून डोंगर दिसत नाही. सीक्वेस्ट म्हणजे गर्द जंगल आहे. डग्लस फर, हेमलॉक, सीडर, खाली नेचे आणि झाडांवर शेवाळ. मान वर केली तरी आभाळाचा तुकडाच दिसतो. मुक्कामाला फार छान, पण ज्वालामुखी बघायला बाहेर पडावंच लागतं.

सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे रस्त्यापलीकडचं सिल्व्हर लेक. पार्कमधून हायवेच्या खालून पायी जायचा बोगदा आहे, गाडी काढायची गरज नाही. पलीकडे व्हिजिटर सेंटर आहे आणि त्याच्या मागे पाणथळीतून जाणारी साधारण मैलभराची सपाट वाट, काही भाग लाकडी फळ्यांचा. आभाळ मोकळं असेल तर तळ्यापलीकडे, पूर्वेला, डोंगर दिसतो. तिथून तो तीसेक मैल लांब आहे. सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो, म्हणून नुसती निळसर आकृती दिसते. दुपारनंतर उजेड आपल्या बाजूने पडला की बर्फ आणि घळी वेगळ्या ओळखू येतात. काकूंना पहिल्या संध्याकाळी एवढंच दाखवा, पुष्कळ झालं.

जॉन्स्टन रिजचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मे 2023 मध्ये दरड कोसळून तिकडचा पूल गेला, तेव्हापासून गाडी कोल्डवॉटर तळ्यापर्यंतच. पण म्हणून सहल फुकट जाते असं अजिबात नाही. सीक्वेस्टहून कोल्डवॉटर तासाभराचा रस्ता आहे. वाटेत एल्क रॉक आणि कॅसल लेक असे दोन थांबे गाडी लावल्या लावल्या दरी दाखवतात. काकूंना उतरून चार पावलं टाकायची एवढंच. घाई करू नका, सकाळी बरेचदा ढग खाली उतरलेले असतात आणि अकरा-बारानंतर उघडतं. पेट्रोल कॅसल रॉकलाच भरा, पुढे फोनला रेंजही धड मिळत नाही. नकाशे उतरवून ठेवा.

---

मोगरा

राहण्याचं मी सांगते, सासूबाईंना घेऊन गेले होते.

यर्टचा नाद सोडू नका. पार्कात मोजके पाचच आहेत आणि बुकिंग नऊ महिने आधी उघडतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते भरलेले असणारच. पण लोक शेवटच्या दोन आठवड्यांत रद्द करतात. रोज सकाळ-संध्याकाळ साइट बघा, शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार धरा. यर्टमध्ये पलंग आणि उघडून झोपता येईल असा सोफा असतो, दिवा आणि हीटर असतो, दाराला कुलूप असतं. जमिनीवरून उठायचं नाही हे गुडघेवाल्या माणसाला किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं. आत स्वयंपाक करायचा नाही, बाथरूमही आत नाही.

यर्ट नाहीच मिळाला तर तंबूची जागा बदलून घ्या. बुकिंगच्या नकाशावर स्वच्छतागृहाची खूण असते, तिच्यापासून दोन-तीन जागांवरची जागा बघा. अगदी चिकटून नको, रात्रभर दार वाजतं आणि दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो. काकूंसाठी उंच पायांची घडीची खाट न्या, हवेच्या गादीवरून उठणं त्यांना जमणार नाही. ऑगस्टमध्येही पहाटे गारठा असतो. कानटोपी आणि लोकरीचे मोजे हवेतच.

धुराबद्दल. कोरड्या उन्हाळ्यात बहुतेकदा शेकोटीबंदी लागते, मग प्रश्न मिटतो, आणि गॅसच्या शेगडीला सहसा परवानगी राहते. बंदी नसेल तर संध्याकाळी सात ते दहा हा धुराचा वेळ. त्या वेळात काकूंना घेऊन तळ्याकाठी जा किंवा गाडीत बसा. वणव्यांचा धूर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. निघायच्या आदल्या दिवशी एअरनाऊ या हवेच्या गुणवत्तेच्या साइटवर कॅसल रॉकची हवा बघा. आकडा शंभराच्या वर असेल तर दमेकरी माणसाला नेऊ नका, सरळ तारीख बदला. इनहेलर पर्समध्ये असू द्या, तंबूत नको. मोठं हॉस्पिटल लाँगव्ह्यूला आहे, अर्ध्या तासात पोचता येतं.

खाण्याचं सोपं ठेवा. मी घरून मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी आणि भाजलेल्या रव्याचं उपम्याचं पीठ नेलं होतं. चहासाठी आलं आधीच किसून साखरेत कालवून नेलं, तिथे किसणी काढत बसावं लागलं नाही. काळी अस्वलं त्या भागातल्या जंगलात आहेत, पण कॅम्पवर खरा उपद्रव रॅकूनचा. नियम दोन्हींसाठी एकच: खाण्याची एकही वस्तू बाहेर किंवा तंबूत ठेवायची नाही, खोबरेल तेल आणि टूथपेस्टसुद्धा नाही. सगळं गाडीत, काचा बंद. खरकटं पाणी नळाखाली ओतू नका. लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच विकत घ्या. लाकडातून कीड पसरते.

---

अश्मक

मी भूशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून तुमच्या बाबांबद्दल वाचून राहवलं नाही. त्यांना कोल्डवॉटरजवळच्या हमक्स ट्रेलवर न्याच. जॉन्स्टन रिज बंद असल्याची हळहळ तिथे राहणार नाही.

18 मे 1980, सकाळी 8 वाजून 32 मिनिटं. त्याआधी दोन महिने डोंगराच्या पोटात शिलारस (मॅग्मा) चढत होता आणि उत्तरेची बाजू दिवसाला दीड-दोन मीटर या वेगाने फुगत होती. 5.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती अख्खी बाजू घसरली. नोंदलेल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी दरड, सुमारे अडीच घन किलोमीटर. वरचं ओझं निघाल्यावर आतला दाब आडवा फुटला, म्हणून उत्तरेकडचं जंगल मैलोनमैल आडवं झालं. 57 माणसं गेली. डोंगराची उंची 2950 मीटरवरून 2549 मीटरवर आली. त्या दिवशी उत्तरेच्या कड्यावर निरीक्षणाला बसलेले डेव्हिड जॉन्स्टन हे भूवैज्ञानिकही त्यात गेले. आता बंद असलेल्या कड्याला नाव त्यांचंच आहे.

हमक्स म्हणजे त्या दरडीत वाहत येऊन पडलेली टेकाडं. फळ्यावरच्या दुसऱ्या चित्रात बाबा जो माथा पुसून टाकायचे, तो तिथे पायाखाली आहे. करडे, तांबूस, पिवळट असे वेगवेगळे थर एकाच टेकाडात उघडे पडलेले दिसतात. त्यांच्यामधल्या खळग्यांत तळी झाली आहेत, काठाला अल्डरची झाडं वाढली आहेत. वाट सगळी मिळून अडीच मैलांच्या आत, चढउतार आहे पण कठीण नाही. काकू तेवढा वेळ कोल्डवॉटर तळ्यावर बसू शकतात. तिथे छोटी, सपाट, फळ्यांची वाट आहे. ते तळंही 1980 चंच, दरडीने ओढ्याचं तोंड अडवलं आणि पाणी साचलं. तुमच्या कॅम्पसमोरचं सिल्व्हर लेकसुद्धा याच डोंगराच्या चिखललोटांनी अडलेलं आहे, फक्त ते सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी.

बाबांना सह्याद्रीशी तुलना करायला आवडेल. आपला बेसॉल्ट पातळ लाव्ह्याचा, भेगांतून वाहत येऊन थरावर थर बसलेला. इथला लाव्हा बहुतांशी डेसाइट, सिलिका जास्त, घट्ट. वायू सहज निसटत नाहीत, म्हणून स्फोट. पण एक दगडही उचलू देऊ नका. डोंगराभोवतीच्या राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत दगड, प्युमिस काहीही घ्यायला बंदी आहे, आणि वाट सोडून चालायलाही.

आईंच्या भीतीबद्दल: 1980 ला पहिले धक्के मार्चमध्ये जाणवले होते, म्हणजे दोन महिने आधी. आज त्या डोंगरावर भूकंपमापक आणि जीपीएस यंत्रं बसवलेली आहेत आणि व्हँकुव्हर (वॉशिंग्टनमधलं) इथली वेधशाळा ती रोज वाचते. 2004 ते 2008 मध्ये विवरात लाव्ह्याचा नवा घुमट वाढला, तेव्हाही लोकांना आधी मागे हटवलं होतं. वेधशाळेच्या साइटवर डोंगराच्या धोक्याची सध्याची पातळी लिहिलेली असते. ती रोज सकाळी आईंना वाचून दाखवा, माझ्या आईला त्याने धीर आला होता.

---

सह्यकन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवार-बुधवारचा एक यर्ट आत्ताच मोकळा दिसला, लगेच घेतला! अश्मक, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते वही घेऊन बसलेत. त्यांनी विचारलंय की दरडीच्या टेकाडांत मूळ डोंगराचे थर क्रमाने राहिलेत की मिसळलेत?

एप केव्हचं कोणीच लिहिलं नाही. मुलगा रोज विचारतोय.

---

पायपीट

या फेरीत एप केव्ह नको. ती डोंगराच्या दक्षिणेला आहे. 504 वरून तिकडे थेट रस्ता नाही, परत आय-5 वर येऊन वुडलंड आणि कूगरमार्गे जावं लागतं. सीक्वेस्टहून एका बाजूला दीड तास धरा. गुहेत बारमाही पाच-सहा अंश थंडी असते, ठार अंधार, जमीन खडबडीत. उन्हाळ्यात आधी वेळ आरक्षित करावी लागते. मुलाला तुम्ही दोघं वेगळ्या शनिवारी न्या, खालच्या सोप्या भागात. डोक्याला लावायचे दिवे न्या आणि माणशी एक जास्तीचाही.

---

अश्मक

बाबांना सांगा, प्रश्न अगदी योग्य जागी आहे. दोन्ही आढळतं. मोठमोठे ठोकळे जवळपास अखंड घसरत आले, त्यामुळे काही टेकाडांत जुने थर ओळखता येतात. त्यांच्यामधला माल मात्र भरडून मिसळलेला आहे. ट्रेलवर माहितीफलक आहेत. कोल्डवॉटरच्या विज्ञान केंद्रात माहितगार माणसं भेटतात, त्याच्या उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या आणि बाबांची वही बरोबर असू द्या.

---

मोगरा

यर्ट मिळाला, फार बरं झालं! प्रवेशाची वेळ बुकिंगवर बघून घ्या, त्याआधी पोचलात तर जेवण तळ्याकाठीच उरका. टॉर्च दाराशी ठेवा. आणि काकूंसाठी एक हलकी घडीची खुर्ची गाडीत कायम असू द्या, प्रत्येक थांब्यावर लागते.