कॅनोनेटचा रेंजफाइंडर पॅच पुसट झालाय: स्वतः उघडू की कारागिराकडे देऊ?

निळीशाई३५
कॅमेरा कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री, ४० मिमी एफ/१.७. शटर १/४ पासून १/५०० पर्यंत सगळीकडे सुटतंय, लेन्स स्वच्छ आहे, बुरशी नाही. तक्रार फक्त व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीची. एक, आतून सगळं दुधाळ दिसतं. दोन, मधला पिवळा पॅच (रेंजफाइंडरचा चौकोन, ज्यातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आल्या की फोकस जुळतो) उन्हातच कळतो, घरात जवळजवळ नाहीसा होतो. तीन, लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला लावली तरी लांबच्या टॉवरची दुसरी प्रतिमा किंचित वर आणि उजवीकडे राहते. वरचं झाकण स्वतः उघडावं का? की दुरुस्तीवर खर्च न करता दुसरी बॉडी बघावी?

काचकाम
झाकणाला हात लावण्याआधी बोटाने एक चाचणी करा. पुढची मोठी खिडकी बोटाने पूर्ण झाका आणि मागून बघा. आता फक्त पॅचमधली प्रतिमा दिसायला हवी. ती काळ्या पार्श्वभूमीवर ठसठशीत दिसली, तर आरसे ठीक आहेत. मग पॅच पुसट वाटतो तो मुख्य वाटेवरच्या धुक्यामुळे, आणि नुसत्या सफाईने काम होतं. पण मोठी खिडकी झाकूनही पॅच मंदच असेल, तर दोष छोट्या खिडकीच्या वाटेवर आहे: एकतर तिथल्या काचा मळल्यात, नाहीतर अर्धपारदर्शक आरशाचा म्हणजे बीमस्प्लिटरचा मुलामा उडालाय.

दुसरं, आयपीस म्हणजे डोळा लावायच्या काचेमागे टॉर्च धरा आणि पुढून तिरक्या कोनातून आत बघा. धुकं काचेवर सलग, राखाडी दिसतं. मुलामा उडाला असेल तर ठिपके किंवा कडेकडून खाल्ल्यासारखे डाग दिसतात.

बॉडी बदलायची की नाही हे फाइंडरवरून ठरवूच नका. या कॅमेऱ्याचं शटर यांत्रिक आहे, प्रकाश मोजणारं मीटर मेलं तरी मॅन्युअलवर सगळे स्पीड मिळतात. तुमचं शटर आणि लेन्स चांगली आहे म्हणजे महागाची बाजू शाबूत आहे. यशिका इलेक्ट्रो ३५ असता तर मी आधी इलेक्ट्रॉनिक्स तपासायला सांगितलं असतं, कारण बॅटरीशिवाय त्याचं शटर १/५०० वरच अडकतं.

निळीशाई३५
चाचणी केली. मोठी खिडकी झाकल्यावर पॅच स्पष्ट दिसतो, मागची भिंतसुद्धा ओळखू येते. टॉर्चने बघितलं तर राखाडी धुकं, डाग नाहीत.

पेचकस
मग उघडा, पण घाई नको. मागचं दार उघडून रिवाइंडचा काटा आतून लाकडी काडीने धरून ठेवा आणि वरची क्रँक डावीकडे फिरवा, ती सुटते. वाइंड लिव्हरवरच्या चकतीला दोन टोकांचा स्पॅनर लागतो. टोकदार चिमट्याने प्रयत्न केला की चकतीवर ओरखडे पडतात, आणि चिमटा घसरला तर झाकणावरही. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा. झाकण अलगद उचला, हॉट-शूची (फ्लॅश बसवायच्या खाचेची) वायर त्याला जोडलेली असते, झटका दिला की सोल्डरचा जोड सुटतो. मीटरच्या सुईजवळ ब्रश किंवा बडस् नेऊ नका.

आता सफाई. धुकं बहुतेक करून जुन्या ग्रीसची वाफ बसून झालेलं असतं आणि ते आयपीसच्या आतल्या बाजूवर आणि पुढच्या खिडकीच्या आतल्या बाजूवर सगळ्यात जाड असतं. एवढे दोन पृष्ठभाग पुसले तरी फाइंडर अर्धाअधिक उजळतो. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बड बुडवा, टिश्यूवर टिपून जेमतेम ओलसर ठेवा, एकदा फिरवा आणि फेकून द्या. तोच बड परत वापरला की चिकटा पसरतो.

बीमस्प्लिटरला मात्र हात लावू नका. फक्त ब्लोअर. तो मुलामा इतका नाजूक असतो की एका पुसण्यात काचेवरून निघून येतो, आणि मग पॅच कायमचा गेला. ज्यांचा असा गेला असेल त्यांनी जुनी काच काढून लांबी, रुंदी, जाडी व्हर्नियरने मोजावी आणि त्याच जाडीचा तुकडा कापून घ्यावा. जाडी वेगळी असली तर प्रतिमा सरकते. मुलाम्याची बाजू उलटी बसली तर भुताटकीसारखी तिसरी प्रतिमा दिसते.

काम होईपर्यंत एक जुना उपाय आहे: मोठ्या खिडकीच्या बाहेरून, पॅचच्या बरोबर समोर येईल असा २-३ मिमी काळ्या टेपचा चौकोन लावा. त्या भागात थेट प्रकाश अडतो आणि पॅच उठून दिसतो.

इन्फिनिटी
झाकण उघडंच आहे तोवर जुळवणी उरका. पण आधी लेन्स तपासा, रेंजफाइंडर नंतर. फिल्म आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, म्हणून दुधी चिकटपट्टी त्या आतल्या पट्ट्यांवर ताणून लावा, लेन्सची प्रतिमा तिच्यावर दिसते. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं), ते दाबून धरायला लॉक होणारी केबल, अपर्चर एफ/१.७. किमान अर्धा किलोमीटर दूरचा टॉवर ८ पट भिंगाने बघा. लेन्स इन्फिनिटीच्या टोकाला असताना तो टोकदार दिसला तर लेन्स बरोबर आहे, आणि आता फक्त रेंजफाइंडर तिच्याशी जुळवायचा. लेन्सच मागेपुढे असेल तर रेंजफाइंडरचा स्क्रू फिरवून चूक फक्त दुसरीकडे जाते.

उभा फरक फोकस बिघडवत नाही, डोळ्याला त्रास देतो. आडवा फरक थेट फिल्मवर उतरतो. तरीही सुरुवात उभ्यापासून करा, कारण तो स्क्रू फिरवला की आडवंही थोडं हलतं. उभ्यासाठी गच्चीच्या कठड्याची रेघ घ्या, आडव्यासाठी टॉवरचा खांब. दोन्ही पुन्हा बघा, स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब, सुकू द्या, मगच झाकण.

शेवटी १ मीटर. टेप ४५ अंशात तिरकी ठेवा, एका आकड्यावर फोकस करा आणि दुधी पट्टीवर तोच आकडा टोकदार येतो का बघा. एफ/१.७ ला १ मीटरवर पुढेमागे मिळून साधारण ६ सेमी भाग फोकसमध्ये राहतो, त्यामुळे बारीक फरक खपून जातो. इन्फिनिटी बरोबर आणि १ मीटर चुकीचं, असं निघालं तर दोष लेन्स आणि रेंजफाइंडर जोडणाऱ्या लिव्हरच्या प्रवासात आहे. तिथे थांबा, तो कारागिराचा प्रांत.

काचकाम
लायका वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण हाच सल्ला तिथे लावला तर नुकसान होईल. लायका एम३ मध्ये साधा आरसा नाही, चिकटवलेले प्रिझम आहेत. कॅमेरा आपटला की चिकटवण सुटते आणि फाइंडर काळवंडतो किंवा पॅच गायब होतो. धुकं समजून ते घरी उघडू नका. खर्च मोठा आहे, पण एम३ ला तो करण्यात अर्थ आहे.

आणि १९८४ च्या लायका एम६ मध्ये तिरक्या उजेडात पॅच पांढरा पडतो, तो बिघाड नव्हे. फाइंडरमधली एक भिंग खर्च वाचवायला वगळली गेली होती, २००३ च्या एमपीमध्ये ही अडचण दूर केली. एम६ वर डोळा मध्यभागी सरकवा, फ्रेमरेषांच्या (फाइंडरमध्ये चित्राची हद्द दाखवणाऱ्या रेघांच्या) दुधी खिडकीवर बोटाची सावली धरून बघा. त्यासाठी कुणी 'फाइंडर साफ करून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका.

पेचकस
मुंबईत कुणाकडे द्यायचाच झाला तर फोर्टात बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. देताना नुसतं 'सर्व्हिस' म्हणू नका. चिठ्ठीवर लिहून द्या: आयपीस आणि पुढची काच आतून साफ, बीमस्प्लिटर पुसायचा नाही, इन्फिनिटी दुधी काचेवर तपासायची. परत घेताना पैसे देण्याआधी मोठी खिडकी झाकायची चाचणी तिथेच करा. पॅच आधीपेक्षा मंद दिसला तर आरसा पुसला गेलाय.