अल्टरनेटरची क्लच पुली घरी बदलायची आहे: पाना कोणता, आणि फिरवायचा कुठल्या बाजूला?

वळणवाट:

नमस्कार मंडळी. गाडी मिड-इंजिन, दोन सीटची, कापडी छताची. सहा सिलिंडर, सहा रिबांचा एकच बेल्ट. अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी कॉम्प्रेसर सगळं त्याच बेल्टवर. बेल्टची बाजू सीटच्या मागच्या भिंतीकडे येते.

आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) टेन्शनरचा, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा, हात सतत थरथरतो. वरच्या आरपीएमला गिअर बदलला की क्षणभर ‘चिर्र’ असा आवाज येतो, इंजिन बंद करतानाही येतो. बेल्ट नवा आहे. चार्जिंगचा दिवा लागत नाही, बॅटरीवर १४.२ व्होल्ट मिळतात. पुलीच्या तोंडावर काळं प्लास्टिकचं झाकण आहे, म्हणजे क्लच पुली (एका दिशेला पकडणारी, उलट दिशेला मोकळी फिरणारी) असावी.

विचारायचं ते असं: पुलीच गेली आहे हे पक्कं कसं करायचं? अल्टरनेटर न उतरवता ती बदलता येते का? आटे सुलटे की उलटे? आणि क्लचच्या जागी साधी घट्ट पुली बसवली तर ही कटकट कायमची जाईल का? मोठ्या व्यासाची पुली लावली की इंजिनवरचा भार कमी होतो असंही वाचलं, त्याबद्दलही सांगा.

पाना_दहाबारा:

लक्षणं क्लच पुलीचीच वाटतात, पण सामान मागवायच्या आधी बेल्ट उतरवून तपासा. टेन्शनरचं बेअरिंग गेलं, वॉटर पंपाला खेळ आला किंवा एखादी आयडलर (बेल्टला नुसतं वळण देणारी पुली) खडखडत असली तरी आवाज असाच येतो. बेल्ट निघालाच आहे तर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. वॉटर पंपाची पुली धरून पुढेमागे हलवली आणि जराही खेळ जाणवला, तर तो पंप आधी बघा.

आता क्लच पुलीची परीक्षा. अल्टरनेटर पुलीच्या बाजूने बघितला तर जवळजवळ नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पुलीची बाहेरची कडी त्या दिशेने झटक्यात फिरवा, आतला रोटर बरोबर फिरला पाहिजे. उलट दिशेने झटका द्या, नुसती कडी फिरली पाहिजे, रोटर जागेवर. दोन्ही बाजूंना रोटर बरोबर आला तर क्लच जाम झाला आहे. दोन्ही बाजूंना कडी मोकळी फिरली तर क्लच सुटला आहे, पण मग चार्जिंगही बंद पडलं असतं. तुमचे १४.२ व्होल्ट बघता जाम झाल्याचीच शक्यता जास्त. काट्यांच्या दिशेने फिरवताना स्प्रिंग दाबल्यासारखा ताण जाणवून मग रोटर हलला, तर ती साधी एकदिशी क्लच पुली नसून डिकपलर (आत स्प्रिंगही असलेली पुली) आहे. या दोघी दिसायला सारख्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी लावायची नाही. टेन्शनर कुठल्या पुलीसाठी बेतला आहे त्यावर ते ठरतं. जुन्या पुलीवरचा पार्ट नंबर वाचूनच मागवा.

रोटर धरून ठेवायला जाळीतून पेचकस घालू नका. आतल्या पंख्याचं पातं वाकतं, नाहीतर पेचकस वाइंडिंगला लागतो. वरच्या परीक्षेला रोटर धरावा लागतच नाही, त्याचं वजनच पुरेसं आहे.

कामाचा क्रम सांगतो. कापडी छत आधी सर्व्हिसच्या स्थितीत आणा आणि काचा थोड्या खाली घ्या, मगच बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एकदा तार काढली की छत हलत नाही. बिनचौकटीच्या दारांची काच दार उघडताना आपोआप थोडी खाली येते, तेही बंद होतं आणि काच रबरावर घासत राहते. बॅटरीच्या कप्प्याचं किंवा बॉनेटचं कुलूप विजेवर चालत असेल तर बॉनेट लावून घेऊ नका. बॅटरीची तार मात्र काढायचीच. अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत इग्निशन बंद असतानाही थेट बॅटरीचा प्रवाह असतो. पाना तिथे आणि बॉडीला एकदम टेकला तर वितळतो.

मग सीटमागचं कव्हर काढा. बेल्टच्या मार्गाचा फोटो काढा आणि जुनाच बेल्ट परत लावणार असाल तर त्याच्या फिरण्याची दिशा खडूने लिहा. टेन्शनरवर लांब दांड्याचा पाना लावून तो सैल करा, बेल्ट आधी वरच्या गुळगुळीत आयडलरवरून सोडवा.

आटे सुलटे आहेत. तरी बहुतेक जण इथेच चुकतात, कारण या पुलीला वेगळा नट नसतो. पुलीचा आतला हबच शाफ्टवर आट्यांनी बसलेला असतो. शाफ्टच्या टोकाला बिट घालायचा खळगा, आणि त्याभोवती हबला ३३ दातांचा खळगा. दातांची गोटी (सॉकेट) हबमध्ये, लांब बिट तिच्या पोटातून शाफ्टमध्ये. शाफ्ट धरून हब काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की सुटतो. जागा नसेल तर हब धरून शाफ्ट फिरवा, पण मग शाफ्ट काट्यांच्या दिशेने फिरवायचा. समोरून बघताना आपण बोल्टच्या डोक्याकडून नाही, शेपटाकडून बघत असतो, म्हणून दिशा उलटी वाटते. इथे गोंधळ झाला की माणूस सगळा जोर लावून पुली आणखी घट्ट करत बसतो.

बाहेरची कडी पट्टा-पान्याने किंवा बेल्टने आवळून धरायचा उपाय बरेच जण सांगतात. चांगल्या क्लचवर तो चालूच शकत नाही. कडी धरून शाफ्ट काट्यांच्या दिशेने फिरवला म्हणजे आपण क्लचला त्याच्या मोकळ्या बाजूनेच फिरवतो, तो नुसता घसरत राहतो. जाम झालेल्या क्लचवर कधी कधी जमतं, पण तेवढ्यात कडी दबते.

मायक्रोमीटर:

घट्ट पुलीचं मी सांगतो, कारण या सल्ल्यापायी चांगले टेन्शनर वाया जातात.

क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) एकसारख्या वेगाने फिरत नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन झटके बसतात. ८०० आरपीएमवर ते सेकंदाला ४० होतात. अल्टरनेटर क्रँकच्या अडीचपट वेगाने फिरत असेल तर रोटरचं जडत्व क्रँकला सव्वासहापट जाणवतं, कारण ते वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतं. प्रत्येक झटक्याला एवढं जड चाक वेग वाढव, वेग कमी कर असं बेल्टला करावं लागतं. क्लच असला की वेग कमी होताना रोटर आपल्या गतीने पुढे निघून जातो आणि बेल्टवरचा ताण सुटतो.

गिअर बदलताना हेच मोठ्या प्रमाणात होतं. ७००० वरून ४८०० आरपीएमवर इंजिन पाव-अर्ध्या सेकंदात येतं. म्हणजे अल्टरनेटरला १७,५०० वरून १२,००० वर यायचं असतं. क्लच जाम असेल तर रोटरच बेल्टला ओढतो, बेल्ट घसरतो, आणि तुमचा ‘चिर्र’ तिथून येतो. घट्ट पुली लावणं म्हणजे हीच बिघडलेली अवस्था कायमची करणं. ज्या गाडीला कंपनीतूनच घट्ट पुली आली, तिचा टेन्शनर आणि बेल्ट त्या हिशोबाने दिलेला असतो. तुमचा नाही.

मोठ्या व्यासाची पुली. क्रँकची पुली १४० मिमी आणि अल्टरनेटरची ५६ मिमी धरा. ८०० आरपीएमच्या आयडलला अल्टरनेटर २००० वर फिरतो. पुली ६६ मिमीची केली की तो साधारण १७०० वर येतो. वरच्या टोकाला, ७२०० आरपीएमवर, १८,००० ऐवजी १५,३०० च्या आसपास. केवळ ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला याचा उपयोग आहे, कारण ती आयडलवर उभीच राहत नाही आणि रोटर-बेअरिंगला वरचा वेग झेपायला हवा असतो. रस्त्यावरच्या गाडीत मात्र आयडलच्या जवळ अल्टरनेटरचा करंट फार झपाट्याने पडतो. अल्टरनेटरच्या लेबलवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ५०-१२० अँपिअर. पहिला १८०० आरपीएमचा, दुसरा ६००० चा. तुम्ही त्या पहिल्या आकड्याच्याही खाली जाल. रेडिएटरचे पंखे, हेडलाइट आणि एसी एकदम चालू असताना सिग्नलला उभं राहिलं की तूट बॅटरीतून भरली जाते.

वळणवाट:

मनापासून आभार. बेल्ट काढून बघितला. दोन्ही दिशांना रोटर बरोबर फिरतो, स्प्रिंगसारखं काही जाणवत नाही. वॉटर पंप आणि आयडलर ठीक आहेत. म्हणजे जाम क्लच.

पण झाकण काढून बिट घातला तर तो नीट बसत नाही, थोडा जोर दिला की उडतो. बिट टी ५० आहे. खळगा अजून शाबूत दिसतो. इम्पॅक्ट गनने काढू का?

चार्जिंगचा_दिवा:

थांबा, जोर देऊ नका. खळगा गेला तर पुढचा सगळा मार्ग अल्टरनेटर खोलण्याचा आहे.

टॉर्च मारून खळग्याची टोकं मोजा. सहा गोलसर पाकळ्या असतील तर टी ५०. बारा टोकदार कोपरे असतील तर ट्रिपल-स्क्वेअर, बहुधा एम १०. सरळ षटकोन असेल तर ॲलन, ८ किंवा १० मिमी. टी ५० बारा कोपऱ्यांत शिरतो, बसल्यासारखाही वाटतो, पण फक्त टोकांवर टेकतो आणि जोर आला की कोपरे खातो. तुमचं वर्णन नेमकं तेच आहे.

योग्य बिट मिळाला तरी आधी खळगा साफ करा. तळाशी जुनं ग्रीस आणि बेल्टची काळी भुकटी दाबून बसलेली असते. सुईसारख्या टोकाने ती उकरून काढा, ब्रेक क्लीनरचा एक फवारा कापडावर घेऊन पुसा. थेट अल्टरनेटरवर मारू नका. बिट तळाला टेकेपर्यंत हलक्या हातोडीने एक-दोन टोले. टोले जोरात नकोत, बेअरिंगवर जातात. नंतर दातांची गोटी बसवून तीही पूर्ण आत गेली आहे का बघा.

इम्पॅक्ट गन बाहेर षटकोनी नट असलेल्या घट्ट पुलीला ठीक आहे. तिथे रोटरचं वजनच शाफ्ट धरून ठेवतं. दातांच्या खळग्यात मात्र गन प्रत्येक ठोक्याला गोटी थोडी बाहेर ढकलते, आणि हे दात बारीक आहेत. लांब दांडा आणि सलग, हळूहळू वाढवत नेलेला जोर बरा. गाडी चालताना ही पुली स्वतःला घट्टच करत असते, त्यामुळे बसवतानाच्या टॉर्कपेक्षा सुटताना जास्त लागतो. ‘कट्’ असा आवाज होऊन ती सुटेल, तेव्हा बोटं कुठे आपटतील ते आधी बघून ठेवा.

जागेवर करायचं की उतरवून, हे एका मापाने ठरतं. गोटी, बिट आणि त्यांच्यावरचा पाना यांची मिळून खोली मोजा आणि पुलीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. पाना तिरका लावावा लागत असेल तर अल्टरनेटर उतरवा. मिड-इंजिन गाड्यांत त्यासाठी हवेची नळी आणि कधी थ्रॉटल बॉडीही बाजूला करावी लागते. तासभर जास्त लागेल, पण खळगा वाचेल. अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये अडकला तर तो उचकटू नका. कानाच्या भोकातलं लोखंडी बुश घट्ट झालेलं असतं. बोल्ट थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर टोला दिला की बुश मागे सरकतं आणि अल्टरनेटर मोकळा होतो. कान ॲल्युमिनियमचे असतात, पहारीने तुटतात.

मायक्रोमीटर:

नवी पुली लावण्याआधी जुनीच्या शेजारी ठेवून कॅलिपरने तीन मापं घ्या: बाहेरचा व्यास, रिबांची संख्या, आणि मागच्या टेकणाऱ्या कडेपासून पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर. पीके बेल्टच्या (अशा रिबांच्या बेल्टच्या) दोन रिबांमधलं अंतर ३.५६ मिमी असतं. पुली मिलिमीटरभर जरी पुढेमागे बसली तरी बेल्ट खाचेच्या एकाच बाजूला घासतो आणि नवा आवाज सुरू होतो. आट्यांचा आकारही जुळवा. एम १४ आणि एम १६ दोन्ही प्रचलित आहेत.

पुली नसताना शाफ्ट हाताने फिरवून पुढचं बेअरिंग ऐका. खरखर असेल तर आत्ताच बदला, नाहीतर हेच काम परत करावं लागेल.

पाना_दहाबारा:

बसवताना आटे स्वच्छ आणि कोरडे. लॉकटाइट (आटे चिकटवणारं द्रव) नको, तेल नको. पुली हाताने शेवटपर्यंत गेली पाहिजे. दोन फेऱ्यांत अडली तर आटे तिरके लागले आहेत, परत काढा.

टॉर्क पुलीबरोबरच्या कागदावर असतो. या प्रकारात तो साधारण ८० ते ८५ न्यूटन-मीटर येतो. पण पुन्हा दिशेकडे लक्ष द्या. हब धरून शाफ्टच्या बिटवर टॉर्क पाना लावलात, तर आवळताना तो काट्यांच्या उलट फिरतो. बरेच क्लिकवाले टॉर्क पाने उलट दिशेला क्लिक देतच नाहीत. क्लिकची वाट बघत ओढत राहिलात तर बिट किंवा पाना मोडेल. दोन्ही दिशांना चालणारा पाना घ्या, नाहीतर शाफ्ट धरून हबच्या गोटीवर टॉर्क द्या.

झाकण नवंच लावा आणि ‘टक्’ होईपर्यंत दाबा. झाकण नसेल तर धूळ-पाणी आत जातं, ग्रीस फेकलं जातं आणि नवा क्लचही लवकर जाम होतो.

बॅटरी जोडल्यावर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर इग्निशन चालू करून मिनिटभर पेडलला हात-पाय न लावता थांबा. काचांची वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर गेल्यावर बटण काही सेकंद धरून ठेवतात.

इंजिन चालू केल्यावर टेन्शनरचा हात जवळजवळ स्थिर दिसला पाहिजे. मग हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावून बॅटरीवर मीटर धरा. आयडललाही १३.५ च्या वर राहायला हवं. तोच मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट प्रवाहाच्या मापावर) टाका. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेलेले असण्याची शक्यता आहे, आणि मग पुली नवी असली तरी अल्टरनेटर उघडावा लागेल.