मदत हवी आहे: यंदाचे नवे जाझ अल्बम मामांना ऐकवायचेत, सुरुवात कशाने करू?

कडक_भाकरी
२२ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून टाकतो.

मी जुळे सोलापूरला राहतो. सहा-सात वर्षं जाझ ऐकतोय आणि ऐकतो म्हणजे एकटाच ऐकतो, कारण आमच्या ग्रुपमध्ये जाझ म्हटलं की "ते हॉटेलच्या लॉबीत हळू आवाजात लावतात ते का" एवढीच ओळख आहे. दर डिसेंबरात मी वर्षभरात आलेल्या अल्बमांतले आवडलेले डायरीत लिहून ठेवतो. यंदा ती डायरी मामांच्या हाती लागली. मामा ६९ वर्षांचे, जन्मभर यंत्रमागावर जॉबर, आता रिटायर, भजनी मंडळात पेटी वाजवतात. म्हणाले, "एवढं काय लिहायलास बे, मलापण ऐकव की." मी हौसेने म्हटलं जुन्यापासून सुरू करू, १९५९ सालचे ते नेहमीचे गाजलेले अल्बम आहेतच की, तर म्हणाले "जुनं माझ्याकडं लई हाय. आत्ता काय वाजवायलेत ते लाव."

मग लावलं आणि पार वाट लागली.

पहिला लावला शबाकाचा 'पर्सीव्ह इट्स ब्युटी, अ‍ॅक्नॉलेज इट्स ग्रेस', कारण मला वाटलं बासरी आहे, मामांना बासरी आवडते. हा गडी लंडनचा नावाजलेला सॅक्सोफोनवाला, गेल्या वर्षाच्या शेवटी सॅक्स बाजूला ठेवला आणि जपानी शाकुहाचीसारख्या बासऱ्या हातात घेतल्या, काय डेअरिंग बघा. मला हा अल्बम रात्री एकट्याने ऐकायला फार आवडतो. मामा दुसऱ्या ट्रॅकला झोपले. मग पियानोवाल्या विजय अय्यरचा 'कम्पॅशन' लावला, तो काढणाऱ्या ईसीएम कंपनीची सवय माहितीच आहे, सुरुवातीला काही सेकंद शांतताच असते, तर मामा उठून स्पीकरची वायर हलवायला लागले. नंतर म्हणाले, "तिघंजण आपापल्या घरी बसून वाजवायलेत बे, एकमेकांना भेटना गेलेत." हे ऐकून मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण लिंडा मे हान ओचा बेस आणि टायशॉन सोरीचे ड्रम्स एकमेकांत किती गुंतलेत ते मला ऐकू येतं आणि त्यांना येत नाही, आणि का येत नाही हे मला सांगता येत नाही.

माझी यंदाची बाकीची यादी अशी. सॅक्सवाल्या चार्ल्स लॉइडचा 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो' एक नंबरला, त्याबद्दल वादच नाही, बुवा १५ मार्चला ८६ वर्षांचा झाला आणि त्याच दिवशी ब्लू नोट कंपनीने हा डबल अल्बम काढला. मग अरूज आफताबचा 'नाइट रेन', इमॅन्युएल विल्किन्सचा 'ब्लूज ब्लड', समारा जॉयचा 'पोर्ट्रेट', आणि पियानोवाला मॅकॉय टायनर आणि सॅक्सवाला जो हेंडरसन यांचा 'फोर्सेस ऑफ नेचर: लाइव्ह अ‍ॅट स्लग्ज'. हा शेवटचा १९६६ सालचा, न्यूयॉर्कच्या स्लग्ज क्लबातला आहे पण बाहेर पडला या नोव्हेंबरात, म्हणजे नवाच धरा.

तर प्रश्न असा की यातला कुठला आधी लावू आणि मधे काय सांगू? स्पीकर साधा ब्लूटूथवाला आहे, ऑनलाइन घेतलेला, त्याचं एका बाजूचं घरघरतंय आणि बदलून द्यायला विकणारे ऐकत नाहीत, तो वेगळाच विषय. जानेवारीत आमच्याकडची गड्ड्याची यात्रा सुरू झाली की मामा सापडत नाहीत, त्यामुळे त्याच्या आत काय ते जमवायचंय.

---

निळा_सूर

स्पीकर बदला, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. मस्करी नाही करत. त्या डबड्यातून डबल बेस ऐकूच येत नाही आणि बेस गेला की गाण्याचा पायाच गेला, मग वर पियानोवाला काय करतोय ते अधांतरी वाटणारच. मामा म्हणतात तिघं आपापल्या घरी बसलेत, तर त्यातला एकजण तुम्ही त्यांना ऐकवलाच नाहीत.

आणि 'कम्पॅशन' मलाही पहिल्या वेळी कळला नव्हता. लावायचाच असेल तर त्यातलं 'ओव्हरजॉइड' तेवढं लावा, स्टीव्ही वंडरचं गाणं आहे, चाल ओळखीची वाटते, आणि अय्यरने ते पियानोवाल्या चिक कोरियाच्या आठवणीत घेतलंय.

---

कडक_भाकरी

बरोबर आहे तुमचं. मंडळाचा अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर मामांकडेच पडून असतो, दोन मोठे स्पीकरपण आहेत, हे मला सुचलंच नाही बघा.

---

चिन्ना

मी पण सोलापूरचा, आमच्या घरी तेलुगू पण शाळा मराठी, त्यामुळे इथेच पडीक असतो. तुम्ही 'ब्लूज ब्लड' मामांना लावू नका, निदान आधी नको. अल्बम जबरदस्त आहे पण त्याच्यामागची गोष्ट माहीत नसली तर नुसतं अंगावर येतं. १९६४ चं हार्लेम सिक्स प्रकरण, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सहा कृष्णवर्णीय पोरांचं, पोलिसांच्या मारहाणीबद्दल त्यातला एक पोरगा जे बोलला त्यातून ते नाव आलंय. त्यात गाणाऱ्यांत गणव्या आहे ना, तिचाच यंदाचा 'डॉटर ऑफ अ टेम्पल' लावा. तामिळनाडूत वाढली, हरिकथा शिकलेली, आणि अल्बममागे सगळी प्रेरणा जाझमधल्या हार्पवाल्या अ‍ॅलिस कोल्ट्रेनची. भजनी मंडळातल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल असं आपलं माझं मत.

---

सात_रस्ता

हे जाझ आहे का पण? मंत्र म्हटले, तंबोरा लावला की जाझ? अरूज आफताब तर सरळ गझल गाते. चांगली गाते, पण मग सुरेश भटांनाही जाझमध्ये घ्या. मामांना जाझ ऐकवायचं म्हणताय तर जाझ ऐकवा, स्विंग असलेलं, सोलो असलेलं. नाहीतर ते म्हणतील हे तर आमच्याकडे आधीच आहे.

---

चिन्ना

'नाइट रेन'मधलं 'ना गुल' महलका बाई चंदाचं आहे. निजामाच्या हैदराबादची शायरा, जन्म १७६८ चा आणि तोही औरंगाबादचा. आपल्या मराठवाड्यात जन्मलेल्या बाईचे शब्द २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधली गायिका गाते, हार्प-गिटार-बेसवर. त्याला काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकणार. तिच्या 'साकी'मध्ये पियानोवर परत विजय अय्यरच आहे, तो तर जाझवाला आहे ना तुमच्या हिशेबाने?

---

सात_रस्ता

अय्यर चालेल. बाकी मुद्दा तोच.

---

एकताल

दोघांनी जरा थांबा. कडक_भाकरी, मी तबला वाजवतो, शिकवतो पण थोडंफार, तर माझ्या अनुभवाचं सांगतो.

हा आठवडा कुठला आहे ते बघा. १५ तारखेला झाकीरभाई गेले. तुमचे मामा पेटीवाले आहेत म्हणजे घरात तोच विषय चालू असणार. मग तुमच्याच एक नंबरच्या चार्ल्स लॉइडने झाकीरभाईंबरोबर केलेला 'संगम' आहे की! सँटा बार्बराला २००४ मध्ये झालेला कार्यक्रम, अल्बम आला २००६ ला, तिसरा एरिक हार्लंड ड्रम्सवर. लॉइडने नंतर २०२२ मध्ये 'सेक्रेड थ्रेड' पण केला, त्यात झाकीरभाई आणि गिटारवर ज्युलियन लाज. जुनं नको म्हणाले असले तरी 'संगम'मधली दहाच मिनिटं लावा, झाकीरभाईंच्या हाताला बोट धरून मामा आपोआप लॉइडच्या सॅक्सपर्यंत येतात की नाही बघा. तिथून सरळ यंदाचा अल्बम. जेसन मोरान पियानो, लॅरी ग्रेनाडियर बेस, ब्रायन ब्लेड ड्रम्स. त्यातलं 'बुकर्स गार्डन' बासरीवर आहे, मेम्फिसमधला शाळेतला दोस्त बुकर लिटल याच्यासाठी केलेलं, तो ट्रंपेटवाला २३ व्या वर्षीच गेला. शबाकाच्या आधी ही बासरी लावायला हवी होती तुम्ही.

आता समजावायचं कसं. "जाझमध्ये सगळं उत्स्फूर्त असतं" असं काही सांगू नका, त्याने माणूस घाबरतो, वाटतं की आपल्याला धरायला काहीच नाही. धरायला असतं. त्यांना आवर्तन सांगा. साधा ब्लूज घेतला तर १२ बार, एकेका बारमध्ये ४ मात्रा, झाल्या ४८, की परत सम. सुरुवातीला सगळे मिळून चाल वाजवतात ती बंदिश समजा, मग प्रत्येकजण त्याच ४८ मात्रांवर आळीपाळीने आपलं सांगतो, बाकीचे संगत करतात, शेवटी पुन्हा बंदिश. कधी ड्रमवाला आणि सॅक्सवाला चार-चार बार वाटून घेतात, तो आपला सवाल-जवाबच. फरक एवढाच की इथे समेवर ठळक धा मिळत नाही, स्वर कुठे वळले त्यावरून ओळखायची, आणि तिथेच बेस लागतो.

'लाइव्ह अ‍ॅट स्लग्ज'मध्ये 'आयसोटोप' आहे, हेंडरसनची स्वतःची चाल, १२ बारचा ब्लूज. पेटीवाला माणूस आहे, बोटांवर मोजेल.

---

सात_रस्ता

एकतालना अनुमोदन. १९६६ चं रेकॉर्डिंग "यंदाचं" धरायचं का यावर मी वेगळा धागा काढू शकतो पण काढत नाही.

---

निळा_सूर

काढू नकाच. ती टेप इतकी वर्षं ड्रमवाल्या जॅक डिजॉनेटच्या संग्रहात होती, बाहेरच्या कुणी ऐकली नव्हती, मग आपल्यासाठी नवीच.

---

कडक_भाकरी
५ जानेवारी २०२५

अपडेट देतो, उशीर झाला, माफी असावी.

आज रविवार, मामांकडे गेलो. जाताना पार्क चौकातून शेंगाचटणी घेतली, मोकळ्या हाताने गेलं की मामी बोलतात. नेमकं आज पाणी यायचा दिवस, चार दिवसांनी येतं आमच्याकडे, त्यामुळे पहिला अर्धा तास मी आणि मामा बॅरल भरत होतो आणि जाझबिझ बाजूला. मग अहुजा जोडला. मोठे स्पीकर भजनाच्या हिशेबाने लावलेले, आवाज उघडला तर शेजारचे डोकावून गेले की आज कसलं भजन.

'संगम' लावला. मामा काही बोलले नाहीत. दहा मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास झाला. मधे एकदा फक्त डोळे पुसले आणि "चालू ठेव" म्हणाले. त्याच्याला लागून 'बुकर्स गार्डन', त्यावर म्हणाले "हा म्हातारा फुंक वाया घालवत नाही." एकताल, हे तुमच्यामुळे.

समारा जॉय लावली तेव्हा मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हाताला पीठ, दारात उभ्या राहूनच पूर्ण गाणं ऐकलं, आणि ही पोरगी किती वर्षांची म्हणून विचारलं. २५ म्हटलं. "घरात गाणं असणार" म्हणून परत आत गेल्या. आणि खरंच आहे घरात, तिचे आजी-आजोबा गॉस्पेल गाणारे. मामींना हे कसं कळलं ते विचारू नका.

गणव्या मामांना "चांगलंय, पण हे आमच्याकडं हाय" असं वाटलं, सात_रस्ता, तुम्ही जिंकलात. चिन्ना, मला स्वतःला मात्र तो अल्बम आत्तापर्यंत चार वेळा ऐकून झालाय, आणि 'ना गुल'चे शब्द वहीत उतरवून घेतलेत.

आता मेन गोष्ट. 'आयसोटोप'. मी ४८ मात्रांचं समजावलं, मामांनी मांडी घातली, डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. वेग एवढा की पहिल्या दोन वेळा पार हुकले, शिवी दिली एक. मग मोजायचं सोडून दिलं आणि नुसते मान खाली घालून बसले, मला वाटलं कंटाळले. तर नाही. मामा मागाच्या शेडमध्ये असेच बसायचे, मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा बघितलंय, बारा माग खडखडत असायचे, आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही, आणि हे मान खाली घालून बसलेले, मधेच म्हणणार "चार नंबरचा धोटा अडकायलाय" आणि माणूस पळत जाईपर्यंत खरंच तो माग थांबलेला. तसेच बसले. टायनरच्या सोलोत मधेच उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. परत बारा बार. परत हात. मी फोनवर मोजत होतो, एकदम बरोबर जागेवर. चार-पाच आवर्तनं लागोपाठ धरली, एकदाही सुटलं नाही. मग मान वर करून म्हणाले, "तो पेटीवाला पुढं पळतोय, आणि सॅक्सवाला मुद्दाम मागं राहतोय, पण घर सगळ्यांना माहीत हाय." टायनरला पेटीवाला म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

मग लगेच 'कम्पॅशन' परत लावायला लावला, स्वतःहून. या वेळी बेस ऐकू येत होता. पूर्ण ऐकला नाही, पण "आता एका घरात हायत, वेगवेगळ्या खोल्यांत" इथपर्यंत आलोय. शबाकाला मात्र अजून नकारच आहे.

तर आता नवीन मदत हवी आहे. मामांना टायनरपेक्षा, हेंडरसनपेक्षा तो स्लग्जमधला ड्रमवाला आवडलाय. जन्म १९४२ चा, म्हणजे तेव्हा २३-२४ वर्षांचं पोरगं, हे सांगितल्यावर तर मामा म्हणाले, "एवढ्या वयात एवढी तयारी? मग पुढं काय काय केलं त्यानं?" जॅक डिजॉनेटचं मला पियानोवाल्या कीथ जॅरेटबरोबरचं ट्रिओतलं थोडं आणि माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'मधलं तेवढंच माहितीये. पेन ड्राइव्हवर भरून द्यायचंय, मंडळातल्या पखवाजवाल्यालाही ऐकवणार म्हणतायत. १२ तारखेच्या आत सुचवा, नंतर मामा यात्रेला होम मैदानावर.

---

एकताल

पखवाजवाला पण ऐकणार असेल तर जरा विचार करून सांगतो. रात्री लिहितो.