मदत हवी आहे: फोलीज बल्ब दोन तासांत पडतो, पण सर्व्हिक्स (गर्भाशयाचं तोंड) कच्चीच राहते

दुसरं_वर्ष_निवासी

नमस्कार. टर्म इंडक्शनसाठी (दिवस भरल्यावर प्रसूती सुरू करण्यासाठी) फोलीज बल्ब, म्हणजे टोकाशी फुगा असलेला कॅथेटर, टाकण्याबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. नेहमी दिसणारं चित्र असं: पहिलटकरीण, ३९-४० आठवडे, डोकं खाली, पाणमोट शाबूत, बिशप स्कोर (सर्व्हिक्स किती तयार आहे त्याचे गुण) ३. १६ नंबरचा फोलीज, बल्बमध्ये ३० मिली सलाईन, मांडीला चिकटपट्टी. दोन-अडीच तासांत बल्ब बाहेर. पीव्ही (योनीमार्गे बोटांनी तपासणी) करावं तर तोंड दीड-दोन सेंमी, सर्व्हिक्स तशीच लांब आणि मागे वळलेली, कळांचा पत्ता नाही. बल्ब पडला म्हणजे तोंड ३ सेंमीच्या पुढे, असं शिकवलेलं असतं. ते इथे का लागू पडत नाही?

सोबत आणखी काही शंका. ३० मिली भरायचं, ६० की ८०? सलाईनची पिशवी लटकवून वजन लावायचं का? जास्तीत जास्त किती तास ठेवायचा? बल्ब आत असतानाच ऑक्सिटोसिन (कळा आणणारं सलाईनमधलं औषध) चालतं का? आधीचं सिझेरियन असेल तर काय बदलतं? मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांशी तुलना नकोय, यांत्रिक पद्धतीपुरतंच विचारतोय.

जुनी_लेबर_रूम

डॉक्टर, बल्ब दोन तासांत पडला आणि तोंड दीड सेंमी, हे दोन्ही एकत्र दिसलं की बल्ब सर्व्हिक्सच्या आतल्या ओएसच्या (छिद्राच्या) वर गेलाच नव्हता असं धरून चाला. तो कॅनॉलमध्ये (दोन ओएसमधल्या मार्गात) फुगला आणि घसरत योनीत आला.

जरा मोजून बघा. फोलीजचं टोक फुग्याच्या पुढे साधारण दोन-अडीच सेंमी असतं. फुग्याचा भाग तेवढाच. न पिकलेली सर्व्हिक्स ३ ते ४ सेंमी लांब. म्हणजे बाहेरच्या ओएसपासून ७ ते ९ सेंमी कॅथेटर आत गेल्याखेरीज अख्खा फुगा आतल्या ओएसच्या पलीकडे पोचतच नाही. हाताला 'सटकन आत गेलं' असं जे जाणवतं तेव्हा फक्त टोक ओएस ओलांडून गेलेलं असतं, फुगा अजून कॅनॉलमध्येच असतो. बहुतेक चूक नेमकी इथे होते.

टाकण्याआधी सोनोग्राफीत वार कुठे आहे ते स्वतः बघा. वारेची कड आतल्या ओएसपासून २ सेंमीच्या आत असेल, रक्तस्रावाचं कारण कळलेलं नसेल, बाळ आडवं असेल, डोक्याच्या पुढे नाळ दिसत असेल किंवा जननेंद्रियावर हर्पीसचे ताजे फोड असतील तर बल्ब नाही. एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची नोंद) चांगली हवी. लॅटेक्सची ॲलर्जी विचारा, असेल तर सिलिकॉनचा फोलीज घ्या. मग लघवी करवून घ्या, लिथोटॉमी (पाय वर घेऊन उताणी) स्थिती द्या, स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं साधन) लावा आणि सर्व्हिक्स पोव्हिडोन आयोडीनने पुसून घ्या. फुगा आधी बाहेर फुगवून, गळत नाही ना आणि एका बाजूला फुगत नाही ना, ते पाहून पूर्ण रिकामा करा. रिकामा करताना सिरिंज जोरात ओढू नका, फुग्याला चुण्या पडतात आणि कॅनॉलमधून जाताना तो अडतो.

कॅथेटर टोकापासून २-३ सेंमीवर स्पंज होल्डरने (लांब चिमट्याने) धरा, बाहेरच्या ओएसमध्ये घाला, मग चिमटा मागे घेऊन पुन्हा थोडं पुढे ढकला. असं दोन-तीन वेळा. एकदम लांब ढकलायला गेलात तर तो योनीत वाकतो आणि 'गेला' असा भास होतो. सर्व्हिक्स फार मागे असेल तर पुढच्या ओठाला हळूच स्पंज होल्डर लावून सरळ करा, किंवा कमरेखाली उशी द्या. १० सेंमी आत गेल्याची खात्री झाली की १०-१० मिली करत हळू भरा.

भरताना पेशंटच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. आतल्या ओएसच्या वर फुगा असेल तर पोटात दाब जाणवतो, फार तर पाळीसारखं दुखतं. पहिल्या १० मिलीलाच कळवळली किंवा सिरिंजला अडथळा जाणवला, तर फुगा कॅनॉलमध्ये आहे. पाणी काढा, २-३ सेंमी पुढे सरकवा, पुन्हा भरा. भरून झाल्यावर हलकेच मागे ओढा: ठाम 'अडकलं' असं लागलं पाहिजे. मग बोट घालून बघा, कॅनॉलमध्ये फक्त नळी लागायला हवी. फुग्याचा गोल भाग बोटाला लागला तर जागा चुकली.

आता सर्व्हिक्स कच्ची का राहते ते. बल्बचं काम नुसतं ताणण्याचं नाही. आतल्या ओएसभोवती पाणमोट डेसिड्युआपासून (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरापासून) सुटते, तिथे प्रोस्टाग्लँडिन (हेच औषध म्हणूनही देतात) तयार होतं आणि त्याने सर्व्हिक्समधली कोलॅजनची वीण सैल पडते. कॅनॉलमध्ये फुगलेला बल्ब ताणतो, पण पाणमोट सोडवत नाही. म्हणून तोंड थोडं उघडतं आणि सर्व्हिक्स लांब, घट्ट, मागेच राहते. तुम्ही लिहिलेलं चित्र हेच आहे.

गोलाकार

वरचं पटलं. मात्राही थोडी मोजून बघू या. फुगा गोल धरला तर ३० मिलीला व्यास ३.९ सेंमीच्या आसपास, ६० ला ४.९, ८० ला ५.३. पाणी दुप्पट केलं तर व्यास एकच सेंमी वाढतो, आणि ६० वरून ८० ला जाऊन अर्धा सेंमीसुद्धा मिळत नाही. अभ्यासांतही तसंच दिसतं: ६० किंवा ८० मिलीला बल्ब पडल्यावर तोंड जास्त उघडलेलं मिळतं, प्रसूतीपर्यंतचा वेळ काहीसा कमी होतो, सिझेरियनचं प्रमाण मात्र बदलत नाही. मी ६० सुचवेन. पण जागा चुकली असेल तर ८० भरूनही तोच निकाल लागेल.

फोलीजच्या व्हॉल्व्हवर छापलेली क्षमता वाचल्याशिवाय भरू नका. ५ मिलीच्या फुग्यात ६० कोंबलं तर तो एका बाजूला फुगतो किंवा फुटतो. ३० मिलीचा फुगा घ्या, ६० ला तो सहसा टिकतो, तरी आधी बाहेर भरून पाहणं सोडू नका. निर्जंतुक पाणी किंवा सलाईन, बारा तासांसाठी दोन्ही चालतात. हवा कधीच नाही.

आणखी एक चूक सर्रास होते: घाईत सिरिंज व्हॉल्व्हऐवजी लघवीच्या नळीला लागते आणि ६० मिली सलाईन पाणमोटीबाहेर गर्भाशयात जातं. फुगा रिकामाच, कॅथेटर लगेच निसटतो. म्हणून लघवीची बाजू आधीच स्पिगॉटने (बुचाने) बंद करा किंवा दुमडून बांधा.

वजनाबद्दल: ५०० मिली किंवा १ लिटरची पिशवी लटकवली तर बल्ब लवकर पडतो, पण प्रसूती लवकर होत नाही. पेशंट मात्र पलंगाला खिळते. मांडीच्या आतल्या बाजूला किंचित ताण ठेवून चिकटपट्टी पुरे.

सिस्टर_लेबर_वॉर्ड

डॉक्टर, बल्ब टाकल्यानंतरचं लिहिते. केसपेपरवर चार गोष्टी आल्याच पाहिजेत: टाकल्याची वेळ, कॅथेटरचा नंबर, किती मिली भरलं, आणि काढायची वेळ. 'फोलीज टाकला' एवढंच लिहिलं तर पुढच्या पाळीला ३० होतं की ६० हे कळायला मार्ग नसतो, आणि रिकामा करताना सगळं पाणी आलं की नाही ते ठरवता येत नाही.

टाकल्यावर २० ते ३० मिनिटं एनएसटी. ती चांगली आली की पेशंटला उठू, चालू, खाऊ-पिऊ द्यावं. ताप आणि नाडी दर चार तासांनी. दर चार ते सहा तासांनी कॅथेटर हलकेच ओढून बघायचा आणि पट्टी पुन्हा ताणून लावायची, कारण फुगा खाली सरकला की जुनी पट्टी सैल पडते. लघवी होते ना ते आवर्जून विचारावं. मोठ्या फुग्याने लघवी अडते आणि बाई लाजेने सांगत नाही.

तिला आधीच सांगून ठेवावं: थोडं रक्तमिश्रित चिकट जाणं आणि पाळीसारखं दुखणं अपेक्षित आहे. धो धो लाल रक्त, पाणी जाणं, थंडी-ताप, न थांबणारी कळ, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर लगेच हाक मारायची. पाणी गेलं की आधी बाळाचे ठोके ऐकावेत आणि पीव्ही करून नाळ खाली आलेली नाही ना ते बघावं. फुग्याने डोकं वर सरकलेलं असू शकतं, तेव्हा हे टाळू नये.

दुसरं_वर्ष_निवासी

मॅडम, सर, सिस्टर, मनापासून आभार. कॅथेटर १० सेंमीपर्यंत मोजून घालायचा हे कोणी असं सांगितलंच नव्हतं, ६-७ वरच थांबणं होतंय हे लक्षात आलं. आता ऑक्सिटोसिन आणि आधीच्या सिझेरियनबद्दल सांगाल का? आणि पाणी आधीच गेलेलं असेल तर?

जुनी_लेबर_रूम

बल्ब आत असताना ऑक्सिटोसिन चालतं. मिसोप्रोस्टॉलच्या शेवटच्या डोसनंतर ४ तास थांबावं लागतं, तसं इथे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या शिफारशींत, प्रोस्टाग्लँडिन उपलब्ध नसेल किंवा देता येत नसेल तेव्हा बल्ब आणि ऑक्सिटोसिन एकत्र वापरण्याचा पर्याय आहे. १-२ मिलीयुनिट प्रति मिनिटापासून सुरुवात, दर ३० मिनिटांनी वाढ, १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा आल्या की कमी करा किंवा बंद करा. ऑक्सिटोसिन सुरू असेल तर ठोक्यांची नोंद सलग हवी, वर सिस्टरांनी सांगितलेली मोकळीक मग उरत नाही.

बल्ब पडला म्हणजे प्रसूती सुरू झाली, असं कृपया समजू नका. कळांशिवाय ३-४ सेंमी उघडलेली सर्व्हिक्स म्हणजे फक्त तयारी. तिथे चार-सहा तास नुसती वाट बघितली की सगळं थंडावतं. पडल्यावर लगेच पीव्ही करा, बिशप पुन्हा मोजा, डोकं सर्व्हिक्सवर नीट टेकलेलं असेल तर पाणमोट फोडा आणि ऑक्सिटोसिन चालू करा. डोकं वर तरंगत असेल तर फोडण्याची घाई नको, आधी ऑक्सिटोसिनने ते खाली येऊ द्या. बल्ब पडलाच नाही तर १२ तासांनी रिकामा करून काढा आणि स्कोर मोजा. २४ तासांपर्यंत ठेवणारेही आहेत, पण १२ नंतर हाती फारसं लागत नाही. डबल बलूनलाही (दोन फुग्यांच्या कॅथेटरलाही) १२ तासांची मर्यादा आहे.

पाणी गेलेलं असेल तर मी टाकत नाही. अशा वेळी फोलीज अधिक ऑक्सिटोसिन आणि नुसतं ऑक्सिटोसिन यांची तुलना झाली आहे: वेळ वाचला नाही आणि फोलीजच्या गटात गर्भाशयातला संसर्ग जास्त दिसला. पाणमोट शाबूत असताना मात्र बल्बमुळे संसर्ग वाढतो असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही.

गोलाकार

तुलना नको म्हणालात, तरी एक आकडा सांगतो, कारण बल्बकडून अवास्तव अपेक्षा ठेवली जाते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'इन्फॉर्म' चाचणीत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर स्त्रिया होत्या. तोंडावाटे २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल दर दोन तासांनी दिलेल्या गटात २४ तासांत योनीमार्गे प्रसूती ५७ टक्के, फोलीजच्या गटात ४७ टक्के. म्हणजे बल्ब सगळ्यात जलद नाही. त्याचं बळ दुसरीकडे आहे: कळांचा अतिरेक होत नाही, आणि बाळ नाजूक असताना ते फार मोलाचं असतं. नेदरलँड्समधल्या २०११ च्या 'प्रोबाट' चाचणीत प्रोस्टाग्लँडिन जेलशी तुलना करून सिझेरियनच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

आधीच्या सिझेरियनमध्ये हेच बळ निर्णायक ठरतं. शेवटच्या तिमाहीत गर्भाशयावर व्रण असताना मिसोप्रोस्टॉल द्यायचं नाही, त्यामुळे सर्व्हिक्स कच्ची असेल तर बल्ब हाच हाताशी राहतो. पण आधीचा छेद खालचा आडवा होता याची कागदोपत्री खात्री हवी, तातडीच्या सिझेरियनची सोय तिथेच हवी, आणि नंतर ऑक्सिटोसिन लागलं तर ते हात राखून. बल्ब स्वतः व्रणावर ताण आणत नाही म्हणून धोका शून्य, असं नाही. पुढे येणाऱ्या कळांचा धोका राहतोच. ठोके अचानक घसरणं, कळांच्या मधेही पोट दुखत राहणं, वर सरकलेलं डोकं, यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा.

दुसरं_वर्ष_निवासी

सगळं उतरवून घेतलं. शेवटचं एक: फुगणाऱ्या काड्या, म्हणजे लॅमिनारिया किंवा डिलापान, कधी निवडाव्यात?

जुनी_लेबर_रूम

पेशंटला लोंबणारी नळी नको असेल किंवा लॅटेक्स चालत नसेल तर. लॅमिनारिया समुद्री शेवाळाची, डिलापान कृत्रिम जेलची, दोन्ही ओलावा शोषून १२ ते २४ तासांत फुगतात. डिलापानची काडी ४ मिमीची, पूर्ण फुगली की १४-१५ मिमीपर्यंत जाते. मावतील तशा तीन ते पाच बसवतात. इथेही नियम तोच: टोक आतल्या ओएसच्या पलीकडे गेलं पाहिजे, नाहीतर बाहेरचं तोंड उघडतं आणि आतलं बंद. कोरडी काडी सर्व्हिक्सला चिकटते, म्हणून घालायच्या आधी निर्जंतुक सलाईनने ओली करून घ्या.

काढताना आतल्या ओएसपाशी काडी डंबेलसारखी आवळलेली असू शकते. हिसका दिला तर तुकडा आत राहतो. थोडा वेळ द्या, मग काडी बोटांनी धरून सरळ रेषेत, सावकाश काढा. घातल्या किती हा आकडा केसपेपरवर आधी लिहा, आणि निघालेल्या काड्या ट्रेमध्ये ठेवून, प्रत्येकीची दोन्ही टोकं शाबूत आहेत ना ते बघून, मगच त्यासमोर सही करा.