थरारपटाची टायटल्स ताण चढवतात की घालवतात?

उशिरा_आलेला: टायटल्स चालू असताना मोबाइल बघणाऱ्यांचा मला राग येतो. 'सायको' (१९६०) आठवा. काळ्या पडद्यावर राखाडी पट्ट्या सरकतात, नावं मधोमध चिरली जातात, पुन्हा जुळतात. मागे बर्नार्ड हरमनची नुसती तंतुवाद्यं. त्यानंतर बराच वेळ पडद्यावर काय, तर एक बाई पैसे घेऊन पळते आणि गाडी चालवते. तरी आपण सावरून बसलेलो असतो. ही धास्ती टायटल्स रचणाऱ्या सॉल बासच्या त्या पट्ट्यांनी घातलेली असते.

कात्री_लावा: पट्ट्यांनी नव्हे, हरमनने. आवाज बंद करून बघा, मग बोलू.
उलट टायटल्स ताणाचा कसा बट्ट्याबोळ करतात हे बघायचं तर दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८). एक हात बाँबचा टायमर लावतो, बाँब गाडीच्या डिकीत जातो, जोडपं येऊन गाडीत बसतं. तीन मिनिटांहून लांब, न तोडलेला एकच शॉट. गाडी गर्दीत अडकते, दिसेनाशी होते, पुन्हा शेजारी येते. आणि स्टुडिओने यावर नावं छापली, वर हेन्री मॅन्सिनीचं संगीत! माणसाने डिकी बघायची की नावं वाचायची? वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहून बदल मागितले होते. त्याच्या आधारे १९९८ साली पुन्हा संकलन झालं, नावं शेवटी गेली आणि रस्त्यावरचे आवाज ऐकू आले. दोन्ही लागोपाठ बघाच.

उशिरा_आलेला: तो दोष टायटल्सचा नाही हो, चालू प्रसंगावर ती चिकटवणाऱ्यांचा आहे.

अक्षरवेडी: उशिरा_आलेला दादांशी सहमत. 'एलियन' (१९७९) बघा. कॅमेरा काळोखातल्या ग्रहावरून सरकतोय आणि वर एकेक पांढरी रेघ उमटतेय. बराच वेळ ती सिनेमाच्या नावाची अक्षरं आहेत हेच कळत नाही.
आणि 'सेव्हन' (१९९५)! टायटल्स रचणाऱ्या काइल कूपरची ती खरवडलेली, थरथरणारी अक्षरं. कुणीतरी ब्लेडने बोटाच्या टोकाची कातडी सोलतंय, वह्या शिवतंय. चेहरा दिसत नाही. तो माणूस कथेत फार उशिरा समोर येतो, पण त्याच्या टेबलाशी आपण आधीच बसून आलेलो असतो. (मी दर वेळी बोटं मुठीत घेते.) शिवाय खुन्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव सुरुवातीच्या यादीत मुद्दाम ठेवलेलं नाही. कोण ते सांगत नाही, कुणी अजून बघितला नसेल तर उगाच रसभंग.

कात्री_लावा: म्हणजे टायटल्समधली सगळ्यात भारी गोष्ट कुठली, तर जी टायटल्समध्ये नाहीच! माझंच म्हणणं झालं की हे.

अक्षरवेडी: बाकीची नावं आली म्हणून तर एक लपलं. यादीच नसती तर लपवलं कुठे असतं?

कात्री_लावा: हं. हा मुद्दा मान्य. बाकी नाही.

उशिरा_आलेला: तुमच्या सांगण्यावरून आत्ताच 'सायको'ची टायटल्स आवाज बंद करून बघितली. पट्ट्या कधी आडव्या धावतात, कधी उभ्या. पुढची कुठून घुसेल याचा नेम नाही, डोळे नुसते पळत राहतात. धास्ती कमी झाली, पण गेली नाही.

कात्री_लावा: आता आवाज लावा आणि डोळे मिटा.