खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घरी केलेली खडकाची मागची भिंत: सिमेंट, थर्माकोल आणि दगडांविषयी शंका

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो आणि सहा वर्षांपासून गोड्या पाण्यातले मासे पाळतो आहे. आता ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी नवी टाकी करून घेतली असून तीत खारे पाणी भरायचे ठरवले आहे. सुरुवातीला क्लाऊनफिशची एक जोडी आणि दोन-तीन कोळंब्या, पुढे पाणी स्थिरावले तर मऊ प्रवाळ, एवढाच बेत आहे.

टाकीच्या मागे निळा कागद चिकटवणे मनाला पटत नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलो, की ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांच्या कपारी मी तासन्‌तास पाहत बसतो. तशी कपारींची भिंत मागच्या काचेला लावावी, असे फार दिवसांपासून मनात आहे. २ इंच जाडीचे थर्माकोलचे तक्ते कोरून त्यांवर सिमेंटचे थर द्यायचे, अशी माझी कल्पना आहे. परंतु सिमेंटच्या चुन्याने मासे मरतात असे एक स्नेही सांगतात, तर दोन दिवस पाण्यात भिजवले की पुरे, असे दुसरे म्हणतात. खरे काय मानावे? शिवाय ज्योतिबाच्या डोंगराकडचा काळा दगड, पन्हाळ्याकडचा जांभा आणि मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेले मेलेल्या प्रवाळाचे काही तुकडे त्यात बसवले तर चालतील का?

खारी ओंजळ

आपल्या दोन्ही स्नेह्यांच्या म्हणण्यात अर्धे-अर्धे तथ्य आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, तेव्हा त्यातून विरलेला चुना सुटतो आणि अशा पाण्याचा सामू (पीएच) १२ च्याही वर जाऊ शकतो. समुद्री टाकीत तो ८.१ ते ८.४ च्या दरम्यान असावा लागतो. मात्र चुना हे काही विष नव्हे. कठीण प्रवाळ पाळणारे लोक कॅल्शियम मिळावे म्हणून चुन्याची निवळी रोज थेंबाथेंबाने टाकीत सोडतातच. घात होतो तो एकाच वेळी भरमसाट चुना उतरल्याने, म्हणून तो आधीच काढून घ्यायचा.

त्यासाठी प्रत्येक थर दिल्यावर भिंत ओल्या गोणपाटाखाली ठेवावी, बांधकामावर पाणी मारतात तसे. शेवटच्या थरानंतर निदान चार आठवडे असे क्युरिंग करावे आणि नंतर टाकीत साधे पाणी भरून ते दर तीन-चार दिवसांनी बदलत राहावे. किती दिवस, याचे उत्तर कॅलेंडरात शोधू नये. पाणी दोन दिवस न हलवता ठेवून सामू मोजावा आणि तो नळाच्या पाण्याच्या जवळ येऊन लागोपाठ तीन वेळा तसाच राहिला, तरच पुढे जावे. माझ्या भिंतीला सात आठवडे लागले. पाण्यात व्हिनेगर ओतून ही मुदत कमी करण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल, पण तो मानू नये. वरचा चुना त्याने निवतो हे खरे, परंतु थरही खाल्ला जातो आणि आतला चुना नंतर पाझरतच राहतो.

चुन्यापेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती भिंत वर उचलली जाण्याची. आपल्या टाकीची मागची काच सुमारे १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर उंच आहे. भिंतीची सरासरी जाडी ५ सेंटिमीटर धरली, तर २७ लिटर पाणी बाजूला सारले जाते. थर्माकोलचे स्वतःचे वजन नगण्य, म्हणजे सुमारे २७ किलोचा जोर ती भिंत सतत वर ढकलत असतो. वरच्या सिमेंटचे पाण्यातले वजन यातले दोन-तीन किलोच भरून काढते. माझी पहिली भिंत चिकटवल्यानंतर नवव्या दिवशी पहाटे सुटून तरंगली आणि तिने वरची काचपट्टी फोडली.

तेव्हा चूक अशी झाली होती, की मी तक्त्याच्या पाठीवर सिलिकॉन सपाट पसरून तो काचेला दाबला होता. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्के होते. काच आणि तक्ता यांच्या मध्ये कोंडले गेल्यामुळे मधला भाग ओलाच राहिला. दुसऱ्या वेळी मी सिलिकॉनच्या उभ्या रेघा चार-चार बोटांच्या अंतराने ओढल्या आणि हवा खेळावी म्हणून वरच्या कडेला फटी मोकळ्या ठेवल्या. दोन आठवड्यांनी त्या फटी आणि बाजूच्या कडा बंद केल्या, आणि मगच पाणी भरले. काचेला लागणारी तक्त्याची पाठ कोरीच असू द्यावी, तिच्यावर सिमेंट येऊ देऊ नये. सिलिकॉनही बुरशीनाशक मिसळलेले, म्हणजे न्हाणीघरासाठी विकतात ते, नको, मत्स्यटाकीसाठीचेच घ्यावे.

आणखी एक. भिंतीमागे बोटभर पोकळी अजिबात राहू देऊ नये. तिथे गाळ कुजतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साठतो. एक तर कडा पूर्ण बंद कराव्यात, नाही तर पंपाचे पाणी मागून जोरात फिरेल एवढी ऐसपैस जागा सोडावी.

देखावेकरी

मी अनेक वर्षे गणेश मंडळांच्या देखाव्यांसाठी डोंगर आणि गुहा तयार केल्या आहेत, त्यामुळे कोरीव कामापुरते सांगतो. देखाव्याची सवय येथे आड येते. आम्ही खडक करताना प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतो. ते पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणून येथे पूर्ण वर्ज्य समजावे. थिनर असलेला कोणताही रंग थर्माकोलला लागला तर तो जागच्या जागी वितळतो. आतून आधार म्हणून लोखंडी जाळी किंवा बांधणीची तार घालू नये. खाऱ्या पाण्यात ती गंजते आणि गंज फुगून सिमेंटला तडे जातात. तांब्याची तार तर कोळंब्यांचा जीवच घेईल.

चाकूने सरळ काप घेतल्यास खडक खोटा दिसतो. थर्माकोल हाताने मोडावा, त्याचे ढलपे काढावेत, आणि भेगा सगळ्या एकाच दिशेला तिरप्या ठेवाव्यात, कारण खऱ्या खडकाचे पदर तसेच असतात. पहिला थर ताकाएवढा पातळ द्यावा, म्हणजे सिमेंट दाण्यांच्या फटींत शिरते. पुढचे तीन थर घट्ट होत जाणारे असावेत. रंगाची घाई करू नये. टाकी रुळल्यावर काही महिन्यांत जांभळट-गुलाबी चुनेरी शैवाल भिंतीवर चढू लागते, आणि तशी छटा मला आजवर ब्रशने साधलेली नाही.

सह्याद्रीचा दगड

दगडांविषयी थोडक्यात लिहितो. ज्योतिबाकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. ताजा, न कुजलेला बेसाल्ट खाऱ्या पाण्यात निरुपद्रवी असतो, परंतु तो पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असल्याने भिंतीत मोठे दगड न बसवता फक्त ओल्या थरावर धुतलेली बारीक खडी दाबावी. जांभा मात्र ठिसूळ असतो आणि त्याची लाल माती पाणी गढूळ करत राहते, म्हणून तो टाळावा. गोड्या पाण्यात आपण व्हिनेगर टाकून फसफसणारा दगड नाकारतो. येथे ती कसोटी उलटी आहे, कारण फसफसणारा दगड चुनखडीचा असतो आणि प्रवाळाचा खडकही चुनखडीचाच.

मालवणचे प्रवाळाचे तुकडे कृपया वापरू नयेत. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. त्याऐवजी कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा स्वच्छ धुऊन सिमेंटमध्ये तिप्पट प्रमाणात मिसळावा. सुट्या कपारी ओतायच्या असतील तर त्यात खडे मीठही घालावे. ते विरघळून गेले की छिद्रे उरतात आणि त्यांत उपयुक्त जिवाणू घर करतात.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रवाळाच्या तुकड्यांविषयी मला काहीच कल्पना नव्हती. ते मी आता वापरणार नाही. जांभाही बाद केला. एक अडचण मात्र उरली आहे. टाकीच्या वरच्या काचपट्ट्यांमुळे ४ फुटांचा सलग तक्ता आत जाणार नाही. तो कापल्यास सांधे दिसतील आणि भिंत दुबळी होईल का?

खारी ओंजळ

कापणेच हिताचे आहे. तीन तुकडे करावेत आणि काप सरळ न घेता एखाद्या भेगेच्या वळणाने न्यावा, म्हणजे सांधा खडकाचीच चीर वाटतो. तुकडे आत चिकटवून झाल्यावर सांध्यांत सिलिकॉन भरावे, ते ओले असतानाच त्यावर शिंपल्यांचा चुरा दाबावा आणि सिमेंटचा शेवटचा थर टाकीच्या आतच द्यावा. लाट निर्माण करणाऱ्या पंपासाठी कोनाडा आताच कोरून ठेवावा आणि त्याची वायर बाहेर ओढून काढता येईल इतकी खोबण त्याच्या मागे असू द्यावी, कारण पंप दर दोन-तीन महिन्यांनी धुवावा लागतो. मीठ मोजताना मात्र भिंतीचे २७ लिटर वजा करून, लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने घ्यावे.